कट, रस्सा आणि धार
शनिवारी पुण्याचे दोघे दोस्त कोल्हापूरला आले आणि मिसळीबरोबर पाव मागत बसले. इथं स्लाइस ब्रेडच मिळतो, बाबांनो! नाकाडोळ्यांतून पाणी, तरी कट पुन्हा मागवलाच. दुपारी तांबडा-पांढरा रस्सा. नारळाच्या दुधामुळे पांढऱ्याला सगळे गरीब समजतात. तो घशात गेल्यावर बोलतो. मग गुजरी, महाद्वार रोड करत रमतगमत खासबाग. शाहू महाराजांच्या काळातलं, १९१२चं कुस्तीचं मैदान पाहिलं, शेजारी भेळ हाणली.

रात्री मात्र गंगावेशीत पाय रुतले. रस्त्याकडेला म्हैस उभी, गवळी थेट पेल्यात धार सोडतोय. चर्र चर्र आवाज, वर बोटभर फेस, पेला अजून कोमट.

‘‘न तापवता?’’ एक मित्र दचकला.

‘‘पी की भावा, पैलवान काय उगंच झालेत?’’

त्यानं दुसरा पेला मागितला.