न्यायमूर्तींसमोर उघडणारे पान

कलम 370 वरची सुनावणी सर्वोच्च न्यायालयात 2 ऑगस्ट 2023 रोजी सुरू झाली. पाच न्यायमूर्तींचे घटनापीठ, वीसहून अधिक याचिका आणि 16 दिवस चाललेले युक्तिवाद. प्रत्येक वकिलाने आपापले वेगळे बाड पुढे केले असते, तर एकच दस्तऐवज वेगवेगळ्या पान क्रमांकांनी कितीदा शोधावा लागला असता! न्यायालयाने ती वेळ येऊ दिली नाही. 11 जुलैलाच दोन्ही बाजूंचा एकेक नोडल वकील नेमून सर्वांसाठी एकच सामाईक संकलन तयार करायला सांगितले. त्याआधी, सप्टेंबर 2022 मध्ये, न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने दिल्लीतील प्रशासकीय सेवांच्या वादाची सुनावणी कागदाविना घ्यायचे ठरवले होते.

अशा संकलनाला आम्ही वकील ‘कंपायलेशन’ म्हणतो आणि इंग्लंडातले वकील ‘बंडल’. ते तयार करण्याचे काम वर्षानुवर्षे कारकून आणि ज्युनिअर यांच्या गळ्यात पडत आले. सिनिअरने युक्तिवाद करायचा, ज्युनिअरने रात्री बसून पाने लावायची. माझ्या मते ही विभागणी चुकीची आहे. कोणता कागद घ्यायचा, कोणता वगळायचा आणि कोणता कशाच्या आधी ठेवायचा, हे ठरवताना अर्धा युक्तिवाद ठरून जातो.

पान क्रमांकाचेच बघा. संकलनाच्या सुरुवातीला सहा पाने अनुक्रमणिका असते आणि तिच्यानंतरच्या पानापासून 1, 2, 3 असे आकडे टाकलेले असतात. वकील म्हणतो, ‘पान 206 पाहावे.’ न्यायमूर्ती पीडीएफच्या चौकटीत 206 टाकतात आणि उघडते छापील 200 क्रमांकाचे पान, कारण संगणकाने अनुक्रमणिकेची सहा पानेही मोजलेली असतात. एका सुनावणीत असे दहा वेळा झाले की मुद्द्याचा धागा तुटतो. इंग्लंड आणि वेल्सच्या न्यायालयांनी ई-बंडलसाठी दिलेल्या मार्गदर्शनात यावर सरळ उपाय आहे. अनुक्रमणिका धरून पहिल्याच पानापासून क्रमांक सुरू करायचा आणि तो हाताने न लिहिता संगणकाने टाकायचा, म्हणजे छापील आकडा आणि पीडीएफचा आकडा एकच राहतो.

त्याच मार्गदर्शनात बाकीच्या अपेक्षाही आहेत. अनुक्रमणिकेतल्या नोंदीवर क्लिक केले की तो दस्तऐवज उघडला पाहिजे. प्रत्येक मुख्य दस्तऐवजाला बुकमार्क हवा. मजकुरात शब्द शोधता यावा म्हणून ओसीआर, म्हणजे स्कॅनमधली अक्षरे संगणकाकडून ओळखून घेणे, केलेले हवे. आडवी पाने वाचता येतील अशी फिरवलेली हवीत.

यातली सर्वांत कामाची सूचना उशिरा आलेल्या कागदांबद्दल आहे. दाखल केलेले संकलन बदलून नवी फाइल पाठवली, तर न्यायाधीश ती स्वीकारतीलच असे धरून चालू नये, असे ती सांगते. त्यांनी पहिल्या प्रतीत खुणा केलेल्या असू शकतात, समासात टिपणे लिहिलेली असू शकतात. नवे कागद योग्य क्रमांक घालून स्वतंत्र द्यावेत. वकिलांच्या सोयीपेक्षा वाचणाऱ्याची मेहनत मोठी मानणारी ही सूचना आपल्याकडेही पाळली जावी.

आकारालाही मर्यादा हवी. इंग्लंडच्या कौटुंबिक न्यायालयांत बंडल साधारणपणे 350 पानांच्या आत ठेवावे लागते, त्याहून मोठे हवे असेल तर न्यायालयाची परवानगी लागते. पीडीएफला वजन नसते, म्हणून त्यात सगळेच कोंबले जाते. तोच ईमेल चार वेळा, तीच नोटीस तीन जोडपत्रांत. मग महत्त्वाचे पत्र त्या ढिगाखाली जाते.

महाराष्ट्रात या कामाला आणखी एक पदर आहे. जमिनीच्या दाव्यात सातबारा, फेरफार, खरेदीखत, वाटणीपत्र असे कागद येतात आणि जुने कागद कधी मोडीत असतात. छापील देवनागरी ओसीआरला बरीचशी कळते, हस्ताक्षराशी त्याचे फारसे जमत नाही. अशा कागदाचे टंकलिखित लिप्यंतर आणि उच्च न्यायालयासाठी इंग्रजी भाषांतर मुळाच्या लगेच पुढे लावावे. बुकमार्कला ‘स्कॅन 3 फायनल’ असे नाव देण्याऐवजी ‘निशाणी 14, खरेदीखत, 12 मार्च 1987’ असे दिले, तर वाचणाऱ्याला फाइल न उघडताच क्रम कळतो.

फाइल नीट लावली म्हणून तिच्यातला पुरावा ग्राह्य ठरतो असे मात्र नाही. जालन्याची निवडणूक याचिका याचे ठळक उदाहरण आहे. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर 296 मतांनी विजयी झाले. त्यांचे उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर आले, असा पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता आणि त्यासाठी निवडणूक कार्यालयातले चित्रीकरण पुढे आले. चित्रीकरणाच्या सीडी होत्या, पण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारे प्रमाणपत्र लेखी मागणी करूनही अधिकाऱ्यांनी दिले नाही. 14 जुलै 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की मूळ उपकरण हजर केले नसेल तर प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतेच. मात्र पक्षकाराने ते मिळवण्यासाठी शक्य ते सर्व केले असेल, तर त्याची अडवणूक होणार नाही. आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खाली, 1 जुलै 2024 पासून, प्रमाणपत्रात हॅश मूल्यही (फाइलची ओळख पटवणारा संकेतांक) द्यावे लागते. म्हणून व्हॉट्सअ‍ॅप संदेश किंवा चित्रफीत संकलनात घेताना तिचे प्रमाणपत्र तिला लागूनच ठेवावे.

गोपनीय मजकूर झाकतानाही काळजी हवी. पीडीएफवर नुसती काळी पट्टी ओढली तर खालची अक्षरे तशीच राहतात आणि कॉपी करून दुसरीकडे चिकटवली की वाचता येतात. पीडित मुलाचे नाव अशा तऱ्हेने बाहेर पडले तर झालेली हानी भरून येत नाही.

केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2023 मध्ये ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्यासाठी 7,210 कोटी रुपये मंजूर केले. यंत्रे येतील, स्कॅनरही येतील. कागद निवडण्याचे काम मात्र वकिलाचेच राहील आणि त्याची सुरुवात पक्षकाराच्या घरातून होते. म्हणून वाचकांना एक विनंती आहे. वकिलाकडे जाताना कागद तारखेप्रमाणे लावा, मूळ प्रती वेगळ्या ठेवा आणि फोनमधले संदेश काहीही झाले तरी पुसू नका.