भीड आणि स्वभाव

चिरंजीव भाच्यास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावले. मुलाखत नाकारल्याचे त्यात एकाच ओळीत, पण ‘गप्प राहणे हाच स्वभाव’ हे दोनदा लिहिले आहे, आणि ते वाचून मामाला रात्रभर झोप लागली नाही. स्वभाव व भीड यांची अशी गल्लत करू नये. मितभाषी माणूस मोजके बोलतो, कारण त्याला तेवढे पुरते. भिडस्त माणसाच्या ओठांशी वाक्य आलेले असते आणि ऐकणारे काय म्हणतील या धाकाने ते परत गिळले जाते. माजघरात आजीपाशी तासन्‌तास चालणारे बोलणे मितभाषी माणसाचे खचित नव्हते.

या धाकाच्या मुळाशी असलेल्या समजुतीला मानसशास्त्रात ‘प्रकाशझोत परिणाम’ म्हणतात, म्हणजे सर्वांची नजर आपल्यावरच खिळली आहे असे वाटणे. थॉमस गिलोविच व सहकाऱ्यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना एका गायकाचे चित्र असलेला, घालायला संकोच वाटेल असा टीशर्ट चढवून इतरांसमोर पाठवण्यात आले. निम्म्या लोकांनी चित्र ओळखले असेल असा त्यांचा अंदाज होता, प्रत्यक्षात जेमतेम चौथाई लोकांनी ओळखले.

आता भीड मोडावी म्हणून लावलेल्या भाषणकलेच्या वर्गाविषयी. तेथे भरलेले पैसे गेले तरी चालतील, पण पाठ केलेले भाषण म्हणजे संभाषण नव्हे, हे मामाचे मत वर्षांगणिक पक्के होत गेले आहे. पाठांतरात समोरचा माणूस केवळ श्रोता उरतो आणि एक शब्द निसटला की सारी माळ ओघळते. एका भाद्रपदात मांडवात पाठ केलेले भाषण असेच मधेच ओघळले, ते दोघांनाही ठाऊक आहे, आणि ते भाषण घोकून घेणारा मामाच होता, याची टोचणी अजून गेलेली नाही.

भीड सुटते ती कशी, यासाठी मोहनदास गांधींकडे पाहावे. त्यांना विलायतेत लिहून नेलेले भाषणही वाचता आले नाही, ते दुसऱ्याने वाचले. 1891 साली बॅरिस्टर होऊन परतल्यावर मुंबईच्या लघुवाद न्यायालयात उलटतपासणीला उभे राहताच त्यांचे डोके गरगरले आणि घेतलेली 30 रुपयांची फी परत करून ते बाहेर पडले. पुढे 1893 मध्ये प्रिटोरियात हिंदी व्यापाऱ्यांच्या सभेत तेच गांधी व्यापारातील सचोटीवर नीट बोलले, कारण विषय मनाला भिडलेला होता आणि समोरच्यांची अडचण ठाऊक होती. त्या सभेनंतर त्यांनी एक न्हावी, एक कारकून आणि एक लहान दुकानदार अशा तिघांना, त्यांच्या सोयीने त्यांच्याकडे जाऊन, इंग्रजी शिकवले. सभेपेक्षा हे तीन विद्यार्थी मामाला मोलाचे वाटतात: समोरच्याला काय हवे आहे यात मन गुंतले की स्वतःकडे पाहायला सवडच उरत नाही. म्हणून आरंभ वाण्यापासून, शेजारच्या आजोबांपासून करावा. एक प्रश्न विचारावा, उत्तर पुरते ऐकावे आणि त्या उत्तरातूनच दुसरा प्रश्न काढावा.

खरी काळजी निराळीच आहे. मुलाखतीचे ताईला अजून कळवलेले दिसत नाही, आणि घरच्यांपाशीही शब्द अडू लागला असेल तर ही भीड फार आतवर गेली आहे. त्या कचेरीला पुन्हा पत्र घालता येईल का, हे उलट टपाली कळवावे. खोलीवर एकट्यानेच जेवण होते की कोणी सोबतीला असते, तेही लिहावे.