पांढरे मोजे

नोकरीचा राजीनामा देता येतो. पण भक्तीचा राजीनामा द्यायचा तरी कोणाकडे? शिकागोत राहून मला पडलेला हा प्रश्न आहे. माझा बेसबॉलचा संघ 'व्हाइट सॉक्स', म्हणजे चक्क पांढरे मोजे! २००५ साली, तब्बल ८८ वर्षांनी, त्यांनी वर्ल्ड सीरिज जिंकली आणि मी त्यांचा झालो. पुढे २०२४ साल उजाडले. १६२ सामन्यांत १२१ पराभव! एका हंगामात इतके पराभव १९०० नंतर कोणाच्याच वाट्याला आले नव्हते. त्यांतले २१ तर ओळीने!

मुलगी म्हणाली, "बाबा, आपण कब्सचे होऊ या ना! शिकागोचेच आहेत, २०१६ मध्ये जिंकलेत."

आता, शेजाऱ्याचा मुलगा पहिला आला म्हणून आपला नापास मुलगा कोणी घराबाहेर काढतो का?

आणि गंमत पाहा. १२० पराभव झाले होते. विक्रमी पराभव डोळ्यांनी पाहायला लोक मैदानावर जमले, तर पठ्ठ्यांनी तिथे लागोपाठ तीन सामने जिंकले! मग डेट्रॉइटला जाऊन हरले.

त्या तीन विजयांनी काडीचाही फरक पडला नाही. तरी पहिल्या रात्री मी झोपलेल्या मुलीला उठवून ती बातमी सांगितलीच.