झाकलेले हरवत नाही



बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्यांची पाने हात लावताच तुटू लागली, म्हणून त्यांचे स्कॅन ठेवायला आम्ही धर्मग्रामाच्या लिनक्स संगणकाला १ टीबीची नवी डिस्क जोडली. काळ्या पडद्यावर आधी ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा देऊन डिस्कचे नाव आणि आकार ताडून पाहिला; नाव चुकले तर जुनीच डिस्क पुसली जाते. ‘एफडिस्क’ने एक भाग पाडला. तिथे ‘डब्ल्यू’ दाबेपर्यंत डिस्कवर काही लिहिले जात नाही. ‘क्यू’ दाबून मागे फिरता येते. मग ‘एमकेएफएस’ने त्या भागावर ईएक्सटी४ फाइल सिस्टीम तयार केली, ‘नोंदी’ नावाचा रिकामा फोल्डर केला आणि त्यावर डिस्क माउंट केली.

एके रात्री वीज गेली. ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये ओळ लिहायला आम्ही विसरलो होतो, त्यामुळे संगणक पुन्हा सुरू झाला तेव्हा डिस्क आपोआप माउंट झाली नाही. आमच्या ते लक्षातच आले नाही. तीन संध्याकाळी आम्ही स्कॅन करत राहिलो. चौथ्या दिवशी जुने स्कॅन दिसेनात, म्हणून घाईने डिस्क माउंट केली. जुने आले, पण तीन दिवसांचे नाहीसे झाले! त्यांतली दोन पाने तर स्कॅन करतानाच आमच्या हातात चुरली होती. कोणाच्या तरी बाप्तिस्म्याचा तो एकमेव पुरावा होता. आम्ही एकमेकांवर चिडलो.

युवक संघातला एक मुलगा शांतपणे म्हणाला, “सर, ‘यूमाउंट’ करून बघूया.” डिस्क उतरवली आणि खाली तीनही दिवसांचे स्कॅन जसेच्या तसे होते. फोल्डरवर डिस्क चढली की त्यातल्या आधीच्या फाइली झाकल्या जातात, पुसल्या जात नाहीत. आम्ही त्या दुसरीकडे हलवल्या, डिस्क माउंट करून तिच्यात ठेवल्या आणि ‘एफएसटॅब’मध्ये यूयूआयडीसह ओळ लिहिली.

धर्मशिक्षणाच्या वर्गातली मुले मोठी होऊन मिस्साला येईनाशी झाली की आम्ही म्हणतो, शिकवलेले सगळे पुसले गेले. कदाचित त्यावर दुःख चढले असेल, कदाचित आमच्याच कठोर शब्दांचा राग. तो उतरवायला आम्ही कधी त्यांच्या दारी गेलो का?

हे प्रभू, हरवले म्हणण्याआधी खाली पाहण्याचा धीर आम्हाला दे. आमेन.