एकाच दारापुढची रांग

मुकुंदनगर, स्वारगेट,
पुणे ३७

ती. सौ. ताईस,


तुझं पत्र मिळालं. फोनवर बोलायचं तर दाजी शेजारीच असतात, म्हणून लिहिलंस, हे कळलं. मीही लिहूनच उत्तर देतोय. वाचून फाडून टाक किंवा दाजींच्या पुढ्यात ठेव, तुझी मर्जी.

तुझं म्हणणं असं, की मामा म्हणून मी, इथं पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या तुझ्या पोराला चार गोष्टी सुनवाव्यात. एवढी हाव बरी नाही, अंथरूण पाहून पाय पसर, बागेत लक्ष घाल, आहे त्यात समाधान मान. ताई, हे मी त्याला सांगणार नाही. एकोणतीस वर्षांच्या मुलाला समाधानाचं प्रवचन देणं म्हणजे घरी बोलावून, चहा पाजून त्याचा अपमान करणं.

मुळात त्याला हाव आहे हेच मला पटत नाही. त्याला हवंय काय? महिन्याच्या महिन्याला पगार, स्वतःचं छप्पर आणि टेबलाच्या पलीकडची खुर्ची. यातली तिसरी गोष्ट मुख्य. जमिनीच्या एका चुकलेल्या नोंदीसाठी दाजींनी कचेरीचे किती हेलपाटे घातले, साहेब जेवायला गेलेत म्हणून किती वेळ बाहेर उन्हात बसले, ते त्यानं गाडीवर मागे बसून जाऊन पाहिलंय. आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या पोराला अधिकारी व्हायचं असतं ते बऱ्याचदा बापाला कुणी ताटकळत ठेवू नये म्हणून. त्यात आपला धंदा द्राक्षाचा. ऑक्टोबर छाटणी झाल्यावर पाऊस लागला की डाऊनी रोगावरच्या फवारण्या सुरू, आणि एवढं करून बेदाण्याचा दर व्यापारी ठरवणार. अशा घरातला मुलगा खात्रीचा पगार मागतो, त्याला महत्त्वाकांक्षा म्हणायचं की विमा?

शिवाय लग्नाचं आहेच. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू पोरांनी नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला, तेव्हा सगळ्यांनी करमणूक करून घेतली. हसण्यासारखं त्यात फारसं नव्हतं. शेती करणाऱ्याला मुलगी मिळत नाही, आणि नाही म्हणणारा मुलीचा बाप बहुतेकदा शेतकरीच असतो. तुझ्या पुतणीसाठी स्थळं पाहताना तू पहिला प्रश्न काय विचारायचीस, आठव.

माझ्या घरापासून स्वारगेटचा एसटी स्टँड चालत जाण्याइतका जवळ आहे. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, पंढरपूर, त्या बाजूची सगळी पोरं इथंच उतरतात. नवा आलेला लगेच कळतो. पाठीवर सॅक, काखेत गादीची वळकटी, पिशवीत आईनं दिलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी. इथून त्याचा मुक्काम नवी पेठ, सदाशिव पेठ, शास्त्री रोड. कॉट बेसिसवर जागा, दोन वेळची मेस, अभ्यासिकेतली एक खुर्ची, अप्पा बळवंत चौकातली पुस्तकं, टेस्ट सिरीज. महिन्याला दहा-बारा हजार सहज जातात, हे तुला मी काय सांगणार! सप्टेंबर २०२४ पासून स्वारगेटला जमिनीखालून मेट्रो आली. सरकत्या जिन्यानं खाली उतरलं की मंडई पुढचंच स्टेशन. तुझा लेक मात्र माझ्याकडे चालतच येतो. विचारलं तर म्हणतो, तेवढाच व्यायाम.

आता ही रांग बघ. लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेतून भरायच्या जागा शेकड्यांत निघतात, अर्ज लाखांत जातात. म्हणजे बहुतेकांची निवड होणार नाही हे अभ्यास सुरू होण्याआधीच ठरलेलं असतं, मग कुणी कितीही झिजो. २०१६ साली सरकारनं खुल्या वर्गाची वयोमर्यादा ३३ वरून ३८ केली, मागासवर्गीयांची ४३. तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र वाटतं, त्यानं दार रुंद झालं नाही, रांग तेवढी लांबली. पूर्वी तेहतिशीत पोरगं नाइलाजानं का होईना घरी यायचं. आता पुढच्या जाहिरातीची आशा चाळिशीपर्यंत पुरते.

परीक्षाही वेळेवर होईल याचा भरवसा नाही. मार्च २०२१ मध्ये १४ तारखेची पूर्वपरीक्षा ११ तारखेला पुढे ढकलली, आणि नवी पेठेत पोरं रस्त्यावर बसली. तेव्हा कुठं २१ तारीख मिळाली. त्याच वर्षी पुण्यातल्या एका मुलानं मुख्य परीक्षा पास होऊनही मुलाखतीची वाट बघत जीव दिला. विधिमंडळात त्यावर बोलणं झालं, रिक्त पदं भरण्याचं आश्वासनही मिळालं. २०२३ मध्ये लेखी उत्तरांची नवी पद्धत लगेच नको म्हणून आंदोलन झालं, आयोगानं ती २०२५ पर्यंत पुढे नेली. ऑगस्ट २०२४ मध्ये बँकेची आणि आयोगाची परीक्षा एकाच दिवशी आली, पुन्हा पोरं रस्त्यावर, पुन्हा तारीख बदलली. यातल्या प्रत्येक आंदोलनाचा निकाल पोरांच्या बाजूनं लागला, तरी त्यांचं वय काही थांबून राहिलं नाही.

तू लिहिलंस, आपल्या वेळी एवढं नव्हतं, आपण कमी पैशात सुखी होतो. यावर एक जुनी गोष्ट सांगतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करानं सैनिकांचं मन जाणून घ्यायला समाजशास्त्रज्ञ नेमले होते. सॅम्युएल स्टाउफर त्यांचा म्होरक्या. १९४९ मध्ये त्यांचं काम पुस्तकरूपानं आलं. लष्करी पोलिसांत बढती क्वचित मिळे, हवाई दलात भराभर. साहजिकच आपल्याला वाटतं, हवाई दलवाले खूश असतील. निघालं उलटं. बढतीच्या संधीवरून जास्त कुरकुर हवाई दलातच होती. जिथं कुणालाच काही मिळत नाही, तिथं न मिळाल्याचं दुःख फारसं नसतं. शेजारच्या कॉटवरचा वर चढला, की मग खाली राहिलेल्याला झोप लागत नाही.

आपल्या लहानपणी वाडीत कुणी फौजदार झालंच नव्हतं, म्हणून कुणी हरलंही नव्हतं. आता खालच्या आळीत एक पीएसआय आहे, वरच्या आळीत मंत्रालयात लागलेली मुलगी आहे. पोरांना वाट दिसली हे चांगलंच झालं, आणि आपले ते दिवस परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही. फार इच्छा धरल्यानं पोरं दुःखी झाली, हे खरं नाही. आपण गावानं सगळा मान नेऊन एकाच दारात ठेवला, म्हणून झाली. निवड झाली की वेशीपासून गुलाल, जेसीबीतून फुलं, शाळेत भाषण. आदल्या दिवसापर्यंत त्याच पोराला पारावर बघून लोक विचारत होते, “काय, अजून चालूच आहे का?”

आणि गुलालाचं तरी काय घेऊन बसलीस! तुम्ही पुण्याला येता तेव्हा वाटेत कराड लागतं. त्याच्याजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीचं ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जायला पैसे नव्हते, लोकांनी वर्गणी काढली. परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक संपली आणि नोकरी मिळायला १९५५ उजाडलं, तीही फौजदाराची. पुढं बढतीसाठी वर्षानुवर्षं वाट पाहावी लागली. १९८४ मध्ये अपघातात ते गेले आणि अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला. ज्याच्या यशाबद्दल शंकाच नव्हती त्याला आपण असं वागवलं. तेव्हा आपल्या सत्काराच्या भरवशावर कुणी आयुष्य मांडू नये, आणि आपणही पोरांना तसं मांडायला लावू नये.

तुझा लेक रविवारी माझ्याकडे जेवतो. गेल्या निकालात थोडक्यात राहिलं, त्यावर तो बोलत नाही, मीही विचारत नाही. पण अभ्यासिकेतली नवी पोरं अर्थशास्त्र समजून घ्यायला त्याच्याभोवती जमतात, हे सांगताना त्याचा आवाज बदलतो. त्याला शिकवता येतं, ताई. हे त्याचं त्याला उमगलंय. घरी सांगायची मात्र भीती वाटते, कारण दाजी त्याला हार समजतील.

माझा सल्ला ऐक. शेवटचा अटेम्प्ट कोणता हे त्यालाच ठरवू दे, आणि ती तारीख तुम्ही दोघांनी मान्य करा. अडतिशीपर्यंत वेळ आहे हे वाक्य घरात पुन्हा नको. त्याला दुसरं काही करायचं असेल तर “निदान तेवढं तरी कर” अशा सुरात हो म्हणू नका, सरळ हो म्हणा. खर्च झाला तो झाला, त्याचा हिशेब त्याच्यासमोर काढू नका. आणि तो गावी आला की पाव्हण्यारावळ्यांच्या चौकशांना तू आधी उत्तर दे, त्याच्यापर्यंत त्या पोचू देऊ नकोस.

छाटणीचं काम आवरलं की दोघं या. स्वारगेटला उतरलात की रिक्षा करू नका, मी घ्यायला येतो. बेदाणा आण. दाजींना एवढंच बजाव, की जेवायला बसल्यावर खालच्या आळीतल्या पीएसआयचं नाव काढायचं नाही.

तुझा,
अण्णा