येणे आणि वसुली

रसायन अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षी ऊष्मागतिकीच्या पहिल्या चाचणीत मला तीसपैकी सात गुण मिळाले. भिवंडीहून ठाण्यापर्यंत बस, तेथून माटुंग्यापर्यंत लोकल, असा रोजचा प्रवास करून हाती आलेले हे फळ वडिलांना सांगणे जड गेले.

वडिलांचा सुताचा व्यापार. ते रागावले नाहीत. "अडते कोठे?" एवढेच त्यांनी विचारले.

"पहिला नियम समजतो," मी म्हणालो. "ऊर्जा निर्माण होत नाही, नष्टही होत नाही, जमाखर्च जुळतो. जमाखर्च जुळत असेल, तर दुसरा नियम कशासाठी? क्लाउझियस यांनी १८६५ साली नाव दिलेली एन्ट्रॉपी मला उमगत नाही."

त्यांनी खतावणी उघडून एका पानावर बोट ठेवले. "हे येणे बारा वर्षांचे. वही जुळते, रक्कमही दिसते. पण तिच्यातून आज किलोभर तरी सूत घेता येईल का?" ते येणे एका यंत्रमागधारकाकडे होते. त्यांचे माग बंद पडल्यापासून वडिलांनी त्यांच्याशी बोलणे सोडले होते.

रविवारी आम्ही ओळखीच्या एका सायझिंगमध्ये गेलो. तेथे वाफेवर कांजी शिजते आणि कांजी चढवलेला ताणा तापलेल्या सिलिंडरांवरून फिरत वाळतो. १०० अंशांवर एक किलो वाफेचे पाणी होताना सुमारे २,२५७ किलोज्यूल उष्णता मिळते. उरलेले कढत पाणी मात्र गटारात चालले होते. त्याची उष्णता नाहीशी होत नव्हती. पसरून कोमट होत होती. हिशेबात होती, वसुलीत नव्हती. दुसरा नियम मला त्या गटाराच्या काठी समजला.

मी आकडेमोड केली. ३० अंशांच्या एक किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारे २,५५० किलोज्यूल लागतात. सगळे पाणी कढत असतानाच बॉयलरला परत दिले, तर जवळजवळ नववा हिस्सा वाचेल. वडील म्हणाले, "अग्नीतही जीव आहेत. गृहस्थाला अग्नी टाळता येत नाही, जयणा मात्र पाळता येते."

त्या संवत्सरीला वडील स्वतः त्या यंत्रमागधारकांच्या घरी गेले आणि हात जोडून म्हणाले, "मिच्छामि दुक्कडं." दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी त्यांनी ती रक्कम बुडीत खाती टाकली. पैसा परत येणार नव्हताच. बारा वर्षांचा अबोला मात्र सुटला.