नाकाची बाजू

देवाने माणसाला नाक दिलं ते श्वास घेण्यासाठी. मराठी माणसाने ते मुरडलं, नको तिथे खुपसलं आणि फावल्या वेळात त्याने कांदे सोलले. पण इतका कर्तबगार अवयव मागे काही म्हणून ठेवून जात नाही. वरचं इवलंसं हाड सोडलं, तर सगळा कूर्चेचा आणि कातडीचा संसार. कवटीवर उरतं ते भोक!

आमचं गाव पेण. इथल्या गणपतींची नाकं देशोदेशी जातात. हो, सोंड म्हणजे नाकच की. वरच्या ओठाला बरोबर घेऊन वाढलेलं. सोंड डावी की उजवी, यावर गिऱ्हाईक कारखान्यात अर्धा अर्धा तास घालवतं. ही चैन परवडते, कारण हत्ती अजून हयात आहे. सोंडेत हाड औषधालासुद्धा नाही. उद्या नुसती कवटीच हाती आली असती, तर मधलं ते मोठं भोक पाहून आमच्या मूर्तिकाराने एकडोळ्या राक्षस घडवला असता.

डायनासोरचं असंच झालं. त्यांची हाडं पेण-रोह्याच्या डोंगरांत शोधू नका. इथला काळा कातळ म्हणजे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. हाडं मिळाली ती चंद्रपूर जिल्ह्यात, डोंगरगाव-पिसदुऱ्याकडे; लांब मानेच्या जातीची. या जातीच्या कवटीत नाकाचं भोक पार वर, डोळ्यांपाशी. तेव्हा पंडितांनी नाकपुड्या डोक्यावर बसवल्या आणि जनावराला तळ्यात बुडवून ठेवलं. कुणी सोंडही लावून पाहिली. शेवटी 2001 साली ओहायो विद्यापीठाच्या लॉरेन्स विटमर यांनी जिवंत प्राण्यांची नाकं तपासली आणि नाकपुड्या खाली, तोंडाजवळ आणल्या. चला, नाक जागेवर आलं!

पॅरासॉरोलोफस नावाच्या डायनासोरची तर वेगळीच तऱ्हा. त्याच्या नाकाच्या नळ्या डोक्यावरच्या पोकळ तुऱ्याच्या टोकापर्यंत जाऊन परत फिरत. अमेरिकेत 1997 साली शास्त्रज्ञांनी त्या नळ्यांची मापं संगणकात घातली आणि सात कोटी वर्षांपूर्वीची ती घुमारेदार हाक अंदाजाने का होईना, ऐकवली.

हे मी रोह्याला काकूला सांगत होतो. आमच्या काकांचं घोरणं आळीत प्रसिद्ध. लोक नाकाला बोल लावतात, पण थरथरतो तो टाळूमागचा मऊ पडदा आणि पडजीभ. त्यातही हाड नाही. चाळीस वर्षं काकू कानात कापूस घालून झोपली. काका जाऊन आता तीन वर्षं झाली. कापूस सुटला, पण झोप काही येत नाही.

काकूने सगळं ऐकून घेतलं. मग भिंतीवरच्या फोटोकडे बघत म्हणाली,

"तुझ्या त्या लोकांना विचार ना रे, नुसत्या फोटोवरून जमतं का ते?"